विहीर ७७ मीटरवर: अमेरिकेच्या शेतात वीज कशी पोचली

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरी नळ आणि वीज नव्हती, त्या काळातला एक सरकारी हिशेब आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला साधारण २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर पाणी लागायचं. विहीर घरापासून सरासरी ७७ मीटरवर. हाताने उपसून ते पाणी घरात आणायला वर्षाकाठी आठ-आठ तासांचे ६३ दिवस खर्ची पडायचे, आणि पायाखालून २,८०० किलोमीटर जायचे. मुंबईहून दिल्लीला चालत जाऊन परत यावं एवढं हे अंतर, आणि त्यातली निम्मी वाट दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. बहुतेक घरांत ही खेप बाईच्या नाहीतर पोरांच्या वाट्याला यायची.

हे फार जुन्या काळातलं वर्णन वाटेल. पण ते १९३०च्या दशकातलं आहे. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झालं होतं. १९३१ साली त्याच शहरात १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत उभी राहिली, लिफ्ट वर-खाली धावू लागल्या. १९३५ साली शहरातल्या १० घरांपैकी ९ घरांत वीज होती. त्याच वर्षी त्याच देशातल्या शेतांवर मात्र १० पैकी जेमतेम एका घरात दिवा लागत होता. उरलेल्या नऊ घरांत रोज संध्याकाळी कंदिलाची वात कापायची आणि काजळलेली काच पुसायची, हा नेम चुकलेला नव्हता.

म्हणजे शोध लागून ५३ वर्षं झाली होती, वीज तयार करायची कशी हे सगळ्यांना माहीत होतं, तारा ओढणारी माणसं होती, तरी ती वीज चार कोस पलीकडच्या गोठ्यात पोचत नव्हती. ती का अडली आणि मग कशी सुटली, हे समजून घेतलं की तंत्रज्ञान समाजात कसं पसरतं याबद्दलच्या आपल्या पुष्कळ समजुती तपासून बघाव्या लागतात.

पहिली समजूत अशी की खेडूत माणूस नव्या गोष्टींना बिचकतो. अमेरिकन शेतकऱ्याच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टेलिफोन कंपन्यांनी खेड्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा शेतकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःच्या टेलिफोन लाइनी टाकल्या. पश्चिमेकडच्या गुरांच्या रानांत तर कुंपणाच्या काटेरी तारेतूनच टेलिफोन चालवले. तार आधीच मैलोन् मैल गेलेली होती, मग नवी कशाला? पाऊस पडला की बोलणं बंद व्हायचं, पण एरवी काम भागायचं. १९२० साली दर १० शेतकरी कुटुंबांपैकी जवळपास ४ घरांत टेलिफोन आणि ३ घरांत मोटार होती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं मागचं चाक जॅकवर उचलायचं, त्याला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत किंवा कपडे धुण्याचं यंत्र फिरवायचं, ही युक्ती घरोघरची होती. ज्यांना परवडायचं ते पवनचक्कीवर बॅटरी भरून रेडिओ ऐकायचे. अशा माणसांना वीज नको होती असं कोण म्हणेल?

अडत होतं ते जमाखर्चात. शहरातल्या एका मैलाच्या तारेवर शे-दोनशे घरं लागतात. शेतावरच्या एका मैलात दोन, तीन, फार तर चार. अमेरिकेत आपल्यासारखं गावठाण नाही. प्रत्येकाचं घर ज्याच्या त्याच्या वावरात, शेजारी अर्ध्या मैलावर. लाइनीचा खर्च मैलाला दीड-दोन हजार डॉलर. खाजगी वीज कंपन्या म्हणायच्या, आधी लाइनीचे पैसे भरा, मग जोडणी देतो. पैसे भरून लाइन आली, तरी पुष्कळदा तिची मालकी कंपनीचीच राहायची. शिवाय दर शहरापेक्षा कितीतरी चढा. दर चढा म्हणून शेतकरी दोन दिवे लावून थांबायचा. तो दोनच दिवे लावतो म्हणून कंपनी म्हणायची, बघा, याला विजेची गरजच नाही. साप आपलीच शेपटी गिळत बसावा तसा हा प्रकार वर्षानुवर्षं चालू राहिला.

या हिशेबाचा चटका खुद्द फ्रँकलिन रूझवेल्ट यांना बसला होता. पोलिओमुळे त्यांचे पाय गेले होते, आणि उपचारासाठी ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या गरम झऱ्यांवर जायचे. तिथल्या छोट्या घराचं पहिलं वीजबिल आलं ते युनिटला १८ सेंट दराने. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या घरी ते देत होते त्याच्या चौपट. पुढे अध्यक्ष असताना, ऑगस्ट १९३८ मध्ये जॉर्जियातल्याच बार्न्सव्हिलच्या सभेत त्यांनी ही हकीकत सांगितली, आणि ग्रामीण विजेचा विचार आपल्या डोक्यात त्या बिलाने पेरला असं म्हटलं. अध्यक्षाच्या एका बिलातून योजना जन्मली असं मी म्हणणार नाही. शेतकरी संघटना, पेनसिल्व्हेनियातले अभियंते, नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस अशी बरीच मंडळी आधीपासून या प्रश्नाशी झुंजत होती. पण निर्णय घेणाऱ्याने स्वतः ते बिल भरलेलं असलं की फरक पडतोच.

११ मे १९३५ रोजी रूझवेल्टनी आदेश काढून ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला आरईए म्हणत. मॉरिस कूक हे अभियंते त्याचे पहिले प्रमुख. पुढच्याच वर्षी, २० मे १९३६ ला, नॉरिस आणि टेक्सासचे लोकप्रतिनिधी सॅम रेबर्न यांनी पुढे नेलेला कायदा झाला आणि कामाला पक्कं बूड मिळालं. सुरुवातीला कूक यांना वाटलं होतं की स्वस्त कर्ज दिलं तर खाजगी कंपन्याच लाइनी टाकतील. कंपन्यांनी उलट कळवलं की ज्या शेतांना विजेची खरी गरज आहे त्यांना ती बहुतेक मिळालेली आहे, आता फार थोडी उरली आहेत. दहातली नऊ घरं अंधारात असताना हे उत्तर आलं. मला वाटतं, त्या उत्तरापाशीच या इतिहासाची वाट बदलली.

कारण मग शेतकरीच पुढे आले, आणि त्यांनी जे साधन निवडलं ते मराठी माणसाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही: सहकारी संस्था. १९३४ सालीच मिसिसिपीतल्या कॉरिंथ गावी, अल्कॉर्न परगण्यात, अशी एक संस्था उभी राहून टेनेसी खोऱ्यातल्या सरकारी धरणांची वीज घेऊन वाटत होती. तोच कित्ता देशभर गिरवला गेला. शेतकऱ्याने साधारण ५ डॉलर भरून सभासद व्हायचं. पुरेसे सभासद जमले की संस्थेने सरकारकडून कमी व्याजाचं, दीर्घ मुदतीचं कर्ज घ्यायचं, लाइन टाकायची, ठोक भावाने वीज विकत घ्यायची, सभासदांना द्यायची आणि बिलांतून कर्ज फेडायचं. सरकारने फुकट काही वाटलं नाही. लांब मुदत आणि माफक व्याज एवढंच दिलं, आणि त्याच्या जोडीला अभियंते, नकाशे, हिशेबाची पद्धत.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात महामंदीच्या दिवसांत ५ डॉलर बाहेर काढणं जिवावर यायचं. गावातला एखादा शेतकरी, त्याची बायको, शेतकी खात्याचा माणूस असे मिळून घरोघर फिरायचे. सह्या मागितल्या की म्हातारे विचारायचे, उद्या संस्था बुडाली तर जमीन जाईल का? तार डोक्यावरून गेली तर वीज पडेल का? त्यातून लाइनीसाठी जमिनीचा रस्ता फुकट द्यायचा. आणि या सगळ्यातून सह्या जमत आल्या की काही कंपन्या रातोरात त्या भागातल्या चार पैसेवाल्या शेतांपर्यंत आपली तार ओढायच्या. मोठे ग्राहक गेले की उरलेल्यांच्या जिवावर संस्थेचा हिशेब बसेना. लोकांनी या तारांना द्वेषाच्या तारा असंच नाव ठेवलं होतं. साय काढून घेऊन ताक ठेवायचं, हा त्यातला डाव.

आता लाइन स्वस्त कशी झाली ते पाहू, कारण गंमत इथे आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. आरईएच्या अभियंत्यांनी नवा शोध असा कुठलाच लावला नाही. त्यांनी शहरासाठी आखलेली लाइन सोलून सोलून शेतापुरती केली. शहरी लाइनीत खांबावर आडवे हात, त्यावर तीन फेजच्या, म्हणजे वीज नेणाऱ्या तीन तारा. शेताला तीन फेजची गरज काय? एक फेज आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, अशा दोन तारा पुरे. आडवा हात गेला. तारेच्या पोटात पोलाद आणि बाहेरून ॲल्युमिनियम घातलं, तेव्हा ती जास्त ताणता आली, दोन खांबांमधलं अंतर वाढलं आणि मैलामागचे खांब कमी झाले.

दाब ठेवला ६,९०० व्होल्टच्या आसपास. का, ते एका वाक्यात सांगता येतं: तेवढीच शक्ती न्यायची तर दाब वाढवला की प्रवाह कमी लागतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत असते. प्रवाह निम्मा केला की गळती चौथाईवर येते. मग दर शेताच्या खांबावर एक लहानसा ट्रान्सफॉर्मर टांगून दाब घरापुरता खाली आणायचा. आपल्याकडे एका डीपीवरून, म्हणजे गावातल्या एका सामाईक ट्रान्सफॉर्मरवरून, पन्नास घरांना आणि पंपांच्या मोटारींना कमी दाबाच्या लांबलचक तारा जातात, आणि शेवटच्या घरात बल्ब मिणमिणतो. अमेरिकेत विखुरलेल्या वस्तीमुळे नेमकं उलट करावं लागलं: जास्त दाबाची तार दारापर्यंत, कमी दाबाची फक्त अंगणापुरती.

काम करायची रीतही बदलली. एक टोळी फक्त खड्डे खणत पुढे जायची, मागची खांब उभे करायची, तिच्या मागची तार ओढायची. मोटारीच्या कारखान्यातला पट्टा जणू माळरानावर उलगडला होता, फक्त इथे माल जागेवर आणि माणसं सरकत होती. मीटर वाचायला माणूस ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून पुष्कळ संस्थांत सभासद स्वतःच आपलं मीटर वाचून आकडा कळवायचे. खर्च मैलाला हजार डॉलरच्या खाली आला. कंपन्या ज्या हिशेबावर बोट ठेवून नाही म्हणत होत्या, तो हिशेबच या माणसांनी बदलून दाखवला.

टेक्सासमधल्या पेडर्नालेस नदीच्या खडकाळ मुलखाचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. कर्ज मिळायला मैलाला निदान तीन घरं हवीत असा आरईएचा नियम. इथे तेवढीही भरत नव्हती. तिथला तरुण प्रतिनिधी लिंडन जॉन्सन १९३७ साली निवडून आला होता. तो स्वतः अशाच वीज नसलेल्या घरात वाढलेला. नियमाची सूट मागायला तो थेट रूझवेल्टकडे गेला आणि ती मिळवून आला. १९३८ साली पेडर्नालेस सहकारी वीजसंस्था उभी राहिली, १९३९च्या अखेरीस दिवे लागले. अपवाद म्हणून जिला कर्ज मिळालं, ती संस्था पुढे देशातल्या वीजवाटप करणाऱ्या सहकारी संस्थांमध्ये सर्वांत मोठी झाली. जॉन्सन १९६३ साली राष्ट्राध्यक्ष झाले.

वीज आली त्या रात्रीच्या आठवणी ठिकठिकाणच्या संस्थांनी जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. घरातले सगळे दिवे लावून लोक अंगणात जाऊन उभे राहिले. आपलं घर बाहेरून कसं दिसतं ते त्यांनी रात्री पहिल्यांदाच पाहिलं. काही गावांत घासलेटच्या दिव्याला खड्डा खणून रीतसर पुरलं.

लोकांनी आधी काय विकत घेतलं? इस्त्री आणि रेडिओ. रेडिओचं कळतं, पण इस्त्री का, हे कळायला जुनी इस्त्री हातात घेऊन बघावी लागेल. आपल्याकडच्या कोळशाच्या इस्त्रीत निखारे पोटात असतात, ती बराच वेळ तापलेली राहते. तिकडची म्हणजे तीनेक किलोचा भरीव लोखंडी ठोकळा. तो चुलीवर तापवायचा, काजळी पुसायची, दोन-चार कपडे होईतो तो निवतो, मग दुसरा उचलायचा. त्यासाठी लाकडं घालून चूल सतत पेटती ठेवायची, टेक्सासच्या उन्हाळ्यात, बंद स्वयंपाकघरात. मूठही लोखंडाचीच, फडकं धरलं तरी हात पोळायचा. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री हा आठवड्याचा क्रम ठरलेला, आणि मंगळवारची धास्ती सोमवारीच लागायची. म्हणून विजेच्या पहिल्या पैशातून आली ती इस्त्री. तिथल्या बायकांनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलेल्या आठवणींत विजेचा दिवा नंतर येतो, इस्त्री आधी.

पण घरात नळ यायला बराच वेळ लागला, आणि आरईएच्या अधिकाऱ्यांना हे कोडं वाटायचं. वीज आल्यावर लोक पंप बसवतील, नळ घेतील, वापर वाढेल आणि संस्थेचं कर्ज फिटेल असा त्यांचा आडाखा होता. खपासाठी त्यांनी गावोगाव तंबू ठोकून विजेच्या उपकरणांची जत्राच भरवली. लोक तिला विजेची सर्कस म्हणायचे. लुईझान मेमर ही गृहशास्त्र शिकलेली अधिकारी बाई तंबूत उभी राहून विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करून दाखवायची, दिव्याला किती वॅट हवेत ते सांगायची, धुण्याचं यंत्र चालवायची. लोक गर्दी करायचे, बघायचे, आणि घरी जाऊन आपल्याच मनाने ठरवायचे. पंप, टाकी, नळ, सांडपाण्याची सोय यांना मिळून रोकड मोठी लागते. इस्त्री काही डॉलरांत येते. शिवाय पैसे कशावर घालायचे हे पुष्कळ घरांत बाई ठरवत नव्हती. गोठ्यात दूध थंड करायचं यंत्र आधी आलं, चुलीपाशी नळ मागाहून, असं कित्येक ठिकाणी झालं. ७७ मीटरची ती वाट तार आल्यावरही काही वर्षं तशीच तुडवली गेली.

यंत्रं आल्यावर बाईचा वेळ वाचला का? १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या-नव्या वेळापत्रकांची तुलना केली होती. बाहेर नोकरी न करणाऱ्या अमेरिकन बायका १९२०च्या दशकात घरकामाला आठवड्याला सुमारे ५२ तास देत होत्या. १९६०च्या दशकात, घरात सगळी यंत्रं असताना, सुमारे ५५ तास. पाठ मोडणारं काम गेलं यात शंका नाही. पण आधी आठवड्याला एकदा होणारं धुणं आता रोजचं झालं, चादरी वरचेवर बदलू लागल्या, पूर्वी मुलं-नवरा मिळून करायचे ती पाणी-लाकडाची कामं यंत्राने गिळली आणि उरलेलं सगळं एकट्या बाईकडे आलं. कष्टांचा भार उतरला, तासांचा उतरला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्या घरात मिक्सर आणि धुण्याचं यंत्र असलेल्या कुणालाही पटेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. तार सगळ्यांच्या दारी गेली नाही. दक्षिणेत दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबणारी लाखो कुटुंबं होती, त्यांतली पुष्कळ कृष्णवर्णीय. झोपडी मालकाची, वायरिंग करायचं तर त्याची संमती हवी, आणि पुढच्या हंगामात आपण इथे असू की नाही याचा भरवसा नाही. संस्थेच्या सभेत त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नसायचं. लाइन मालकाच्या बंगल्यापर्यंत जायची आणि शेताच्या कडेच्या झोपड्या ओलांडून पुढे निघायची. देशाचा आकडा मात्र वाढत गेला: युद्धाच्या काळात काम मंदावलं, मग वेग आला, आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ९० टक्क्यांहून जास्त शेतांवर वीज पोचली.

याच कामाचा एक धागा थेट आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात येतो. १९६०च्या दशकात अमेरिकन मदतीतून तिथल्या ग्रामीण वीजसंस्थांच्या महासंघाचे तज्ज्ञ भारतात आले, आणि तोच नमुना इथे करून बघायला देशात पाच ठिकाणं निवडली गेली. त्यांतली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा सहकारी वीजसंस्था. शेजारी कर्नाटकातली हुक्केरी ही दुसरी. जागा अचूक निवडली होती. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना आधीच उभा होता, सभासद होणं म्हणजे काय हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागणार नव्हतं. मुळा-प्रवरेने चारेक दशकं वीज वाटली. पण अमेरिकेत सभासद आपल्या विजेची पूर्ण किंमत देत होता आणि संस्था त्यातून कर्ज फेडत होती. इथे शेतीपंपाचा दर मुंबईत ठरायचा, वसुली गावात अडायची आणि घेतलेल्या विजेची थकबाकी संस्थेच्या माथी साचत जायची. २०११ साली परवाना संपला आणि काम महावितरणकडे गेलं. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर सगळं समुद्रापलीकडून आणता आलं. हिशेबाची ती घडी आणता आली नाही.

आणि अमेरिकेतलं कामही अजून संपलेलं नाही. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेल्या नवाहो या मूळ रहिवाशांच्या मुलखात आजही हजारो घरांत वीज नाही. घर एका टेकडीवर, शेजारी दुसऱ्या टेकडीवर. १९३५ सालचंच गणित. २०१९ पासून अधूनमधून वेगवेगळ्या राज्यांतल्या सार्वजनिक वीजसंस्थांचे लाइनमन आपल्या गाड्या घेऊन तिथे जातात, काही आठवडे राहतात, तांबड्या खडकात खड्डे पाडून खांब रोवतात आणि एकेका घरापर्यंत तार नेतात. त्यांतल्या बऱ्याच घरांत नळही नाही. पाणी पिंपांत भरून गाडीवर घालून आणावं लागतं, आणि तिथली विहीर ७७ मीटरवर नाही, कित्येक किलोमीटरवर आहे.